डावा का उजवा

रोज सकाळी चहाआधी हौसाकाकी डोळे मिटून म्हणायची, "टोच गो." सून सरू खराट्याच्या हिराने तिच्या एका पायाला टोचायची आणि काकीने डावा का उजवा ते सांगायचं. बहुतेकदा उत्तर यायचं, "नाय कळलं."

पेंढ्याच्या उडवीवरून पडून काकीचा कणा मोडला, तेव्हापासून तिचं कमरेखालचं अंग मुकं होतं. मुंबईच्या एका रुग्णालयात कण्याजवळ बारीक तार बसवून संवेदना जागवायचा प्रयोग चालला होता. जिते गावची ही शेतकरीण त्यात आपणहून गेली. वर्षाअखेरच्या तपासणीत फरक दिसला, तरच तिचे उपचार पुढे चालणार होते.

त्या दिवशी डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधून सुई टोचली. डावा, उजवा, पुन्हा उजवा. काकी बिनचूक सांगत गेली. डॉक्टरांचा आवाज आनंदाने चढला, सरू तर रडायलाच लागली. तेवढ्यात काकीने पट्टी वर सारली.

"डाक्टर, तुमी उजवीकडं वाकलाव की स्टूल करकरतं. मलाबी आधी खरंच वाटलं. पन पायाला काय कळलं नाय."

"आई, गप ऱ्हायला काय झालं होतं?" सरू कळवळली.

"उद्या माझ्या भरवशावर दुसऱ्याच्या पाठीत तार घालतील. त्याला काय सांगू?"

स्टूल बदललं. काकीची उत्तरं चुकली आणि तिचे उपचार तिथेच थांबले. डॉक्टर खाली मान घालून तपासणीचे कागद भरू लागले. काकीने सरूला डबा उघडायला लावला.

"डाक्टर, तांदळाची भाकरी हाय. खाऊन घ्या, मंग बाकीचं बघा."