हेल्मेटातला स्पंज

धारूरच्या बाजारात माझं मोटारसायकलच्या सीटा शिवायचं दुकान आहे. हेल्मेटसक्तीचा जोर वाढला तशी लोकं हेल्मेट घेऊन माझ्याकडे यायला लागली. आतला थर्माकोल टोचतो, कान दुखतात, ही एकच तक्रार. मी थर्माकोल उपसून काढायचो आणि सीटचा मऊ स्पंज चिकटवून द्यायचो. मऊ ते चांगलं, हे आमच्या धंद्यात कुणी तपासून बघत नाही. धाकट्या भावाचं हेल्मेट तर मी जीव लावून केलं होतं.

त्याच हेल्मेटसकट तो घाटात ट्रॉलीवर आदळला. अंबाजोगाईच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कवटी फुटल्याचं सांगितलं आणि वर विचारलं, हेल्मेट नव्हतं का? होतं. माझ्याच हातात होतं, बाहेरून नुसता ओरखडा, आत माझा स्पंज.

दुसऱ्या दिवशी दुकानात आलो तो डोकं फिरल्यासारखाच. कुंभाराकडून गाडगी आणली. एकावर स्पंज ठेवून हाताने दाबला, तर छान दबला. मग हातभर उंचीवरून किलोचं वजन सोडलं. गाडग्याचे तुकडे झाले. दुसऱ्यावर दुहेरी स्पंज ठेवला, तेही फुटलं. शेवटी मीच कचऱ्यात फेकलेला थर्माकोल शोधून काढला. वजन त्यात रुतून बसलं, थर्माकोल चिरडला, गाडगं मात्र शाबूत. झटका बसला की स्पंज नुसता चपटा होतो आणि सगळा मार खाली जातो. मला स्वतःची किळस आली. उरलेली गाडगी मी हातोडीने फोडत सुटलो, शेजारी येऊन हात धरेपर्यंत.

मग निघालो हेल्मेटं परत गोळा करायला. एका मास्तरांनी द्यायला साफ नकार दिला. मी ते हिसकावलं आणि त्यांच्याच ओट्यावर आपटून फोडलं. त्यांनी कॉलर धरून माझ्या कानाखाली दोन वाजवल्या. मी गुमान खाल्ल्या.

भाऊ शुद्धीवर आल्यावर मी त्याला सगळं सांगून टाकलं. मला माफी हवी होती, दुसरं काही नाही.

"मी म्हणलतो, टोचू दे," तो म्हणाला. "तूच ऐकलं न्हाईस, दादा."

ते खरं होतं. तो नको नको म्हणत असताना मीच त्याच्या हातून हेल्मेट ओढून घेतलं होतं.