हनुवटीखालचं बोट

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो. बहुतेक वेळा वाचून झाल्यावर मनात म्हणतो — डोळा लागला असेल, ताप असेल. त्यामुळे आज स्वतः लिहायला बसताना थोडा संकोच वाटतोय.

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं काहीच आमच्या घरात चालत नसे. छप्पन्न सालच्या धर्मांतरानंतर वडिलांनी घरातले देव नदीला सोडले, तसे उतारे आणि गंडेदोरेही सोडले. लोकांच्या शेतात राबून त्यांनी मला औरंगाबादला कॉलेजात घातलं. घराण्यातला मी पहिला पदवीधर. "पुस्तकात जे नाही ते मानायचं नाही," एवढं एकच ते मला सांगत, आणि मी ते पाळत आलो.

माझ्या कॉलेजच्या फॉर्मवरचा फोटो उत्तमदादांनी काढला होता. पैसे घेतले नाहीत. कुंभार पिंपळगावात बाजाराच्या कडेला पत्र्याच्या एका खोलीत त्यांचा स्टुडिओ होता. (आज हे गाव जालना जिल्ह्यात आहे, तेव्हा औरंगाबाद जिल्हा होता.) छपराच्या पत्र्यात उजेडासाठी एक काच बसवलेली, मागे रंगवलेल्या बागेचा पडदा, पुढे एक स्टूल. आमच्या वस्तीतली माणसं त्या स्टुलावर बसली की हटकून खाली बघायची. सवयच तशी. उत्तमदादा तोंडाने काही म्हणत नसत. पुढे येत, एक बोट हनुवटीखाली धरत आणि मान हळूच वर करत. फोटो धुवायच्या औषधांनी त्यांची बोटं कायम तपकिरी झालेली असत. हनुवटीला डाग लागायचा, मग ते खांद्यावरच्या पंच्याने तो पुसून टाकायचे. त्या बोटाचा आंबूस वास मला अजून आठवतो.

ते औरंगाबादच्या एका वर्तमानपत्राला फोटो पाठवत. एकाहत्तरच्या युद्धात त्या पत्रातर्फे पूर्वेच्या सरहद्दीवर गेले. तिथे तोफेचा गोळा पडला. माणूस आला नाही, कॅमेरा आला. एका बाजूने चेपलेला, पण चालू.

त्यांचा धाकटा भाऊ किसन सगळ्यांसमोर म्हणायचा, "शिपाई मेला तर सरकार जमीन देतं. फोटोवाला मेला तर काय देतं, आल्बम?" लोक हसत. सुमनवहिनी, म्हणजे उत्तमदादांची बायको, तेव्हा खाली मान घालून बसलेल्या असत. पदरात सहा-सात वर्षांची मंदा.

त्या वर्तमानपत्रातल्या लोकांनी आपसात वर्गणी केली. नुसती मदत दिली तर ती संपून जाईल, त्यापेक्षा वहिनींनीच स्टुडिओ चालवावा, असं त्यांचं म्हणणं पडलं. खोलीचं भाडं आणि औषधं-कागद वर्षभर ते देणार. वर्षात धंदा उभा राहिला तर ठीक, नाही तर खोली सोडायची. वहिनी डार्करूममध्ये नवऱ्याच्या हाताखाली कितीतरी वर्षं काम केलेल्या, पण कॅमेरा कधी धरला नव्हता. मी तिथेच शाळेवर शिक्षक होतो. सुट्टीच्या आणि बाजाराच्या दिवशी त्यांच्या मदतीला थांबायचं काम मी आपण होऊन घेतलं. माझ्या फॉर्मवरचा फोटो मी विसरलो नव्हतो.

किसनला हे पसंत नव्हतं. बाहत्तरचा दुष्काळ पडला होता, सगळं गाव खडी फोडायला जात होतं. वैनीनंही यावं, फोटो काढून घ्यायला कुणाकडं पैसा हाय, असं त्याचं म्हणणं. बोलणं अगदीच चूक नव्हतं.

पहिला फोटो मंदाचाच काढायचं ठरलं, हात बसावा म्हणून. ऐन दुपार होती. काचेतून ऊन थेट स्टुलावर पडलं होतं. वहिनींनी कॅमेरा गळ्यात घातला. हा कॅमेरा डोळ्याला लावत नाहीत. तो छातीशी धरून, मान खाली घालून त्याच्या माथ्यावरच्या काचेत बघावं लागतं. मी दारात उभा होतो. वारा यायला लागल्यामुळे दाराचं गोणपाट दोन्ही हातांनी धरून.

मंदा खालीच बघत होती. वहिनी दोनदा म्हणाल्या, "मान वर कर ग." ती हलली नाही.

मग तिची मान वर आली. हळूहळू. लहान मूल स्वतः मान वर करतं तशी नाही. हनुवटीखालच्या मऊ कातडीला एक खळगा पडला होता, आणि तो खळगा आधी वर सरकत होता, मागून मान.

काचेत बघत असलेल्या वहिनी म्हणाल्या, "गुर्जी, हात काढा तिथून. फोटोत येऊन राह्यला."

वहिनींनी कॅमेऱ्यातून डोळे वर केले. स्टुलाजवळ कुणी नव्हतं. मग त्यांनी वळून दाराकडे, माझ्या दोन्ही हातांकडे बघितलं...

मंदाच्या हनुवटीखाली तपकिरी डाग होता. औषधांच्या बाटल्या उत्तमदादा गेल्यापासून वाळून पडलेल्या, नवी औषधं अजून फोडलीही नव्हती. फोटो धुतला तेव्हा त्यात हात दिसला नाही. वर मान करून बसलेली मंदा, एवढंच.

आम्ही दोघांनी त्यावर न बोलायचं ठरवलं. पण ते थांबलं नाही. बाजाराला आलेला एक म्हातारा स्टुलावरून उठून खुशीत म्हणाला, "उत्तमचाच हात हाय, बराबर ओळखला." वहिनींचा चेहरा पांढरा पडला. मी त्याला चहा पाजून लवकर वाटेला लावलं. पुढच्या बाजारी एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं. बाई बसली आणि किंचाळून उठली — कुणी हात लावला मला? खोलीत पुरुष दोनच, तिचा नवरा आणि मी. त्याने माझी कॉलर धरली. मी भिंतीपाशी होतो हे वहिनींनी परोपरीने सांगितलं, तेव्हा त्याने सोडलं. मात्र जाताना बाजारभर बोलत गेला.

त्यानंतर स्टुडिओत कुणी फिरकेना. वर्ष संपत आलं होतं. किसन म्हणाला, राजूरकडचा एक जाणता आणतो, लिंबू-नारळात काम होईल. वहिनी ठाम राहिल्या. "तुमच्या भावानं उभ्या जन्मात लिंबू कापलं न्हाई, भावजी. त्याच्यावरच कापायचं का?" मी मात्र घाबरलो होतो. कॅमेरा विकून टाकू, असं मी सुचवलं.

वहिनींनी कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. "मी बसते. तुम्ही काढा." नवरा गेल्यापासून त्यांनी स्वतःचा फोटो काढून घेतला नव्हता.

पुन्हा ऐन दुपार. मी मान खाली घालून काचेत बघितलं. स्टूल, बाग, वहिनी. त्यांची मान खाली.

आणि डावीकडून हात आला.

मनगटापर्यंतच होता. त्यापुढे शर्टाची बाही असल्यासारखं वाटलं, पण नीट दिसत नव्हतं. बोटांची टोकं तपकिरी. तो वहिनींच्या हनुवटीपाशी येऊन थांबला. मला डोळे वर करायचे होते, मान हलेना.

वहिनी खाली बघतच बोलल्या. आवाज घरातल्या माणसाशी बोलावं तसा. "तुम्ही असले की लोक येत न्हाईत. मंदाला शिकवायचंय मला. आता माझ्या हातानं होऊ द्या."

हात तसाच राहिला. मग वहिनींनी आपली मान आपण वर केली आणि समोर बघितलं.

हात मागे झाला. मला वाटलं, गेला. पण तो माझ्याकडे वळला. काचेत तो मोठा होत गेला, बोटांवरच्या रेषा दिसायला लागल्या, आणि सगळी काच काळी झाली... वरच्या भिंगावर कुणी तळवा ठेवावा तशी. माझ्याकडून बटण दाबलं गेलं. मी दचकून मान वर केली. समोर लख्ख ऊन होतं आणि वहिनी बसल्या होत्या. दुसरं कुणी नाही.

फोटो उत्तम आला. या कॅमेऱ्याला दोन भिंगं असतात. बघायचं वरच्यातून, फोटो निघतो खालच्यातून. खालचं कुणी झाकलं नव्हतं.

त्यानंतर तिथे कुणाला काही जाणवलं नाही. वहिनींनी तो आपला फोटो दारात टांगला. आधी आमच्या वस्तीतले लोक आले, मग नोकरीच्या फॉर्मवाली पोरं, मग लग्नं. मुदत संपली तेव्हा वर्तमानपत्रवाल्यांना त्यांनी स्वतः कळवलं की आता भाडं पाठवू नका. पुढे मंदा शिकून नर्स झाली. वहिनींची बोटंही यथावकाश तपकिरी झाली. कुणी खाली बघत बसलं की त्याच पुढे होऊन हनुवटीखाली बोट धरत.

मी खूप विचार केला आहे. उन्हाची तिरीप, चेपलेल्या कॅमेऱ्यातला दोष, मनावरचा ताण. एकेक गोष्ट लावून बघितली. मंदाचा डाग कशातच बसत नाही. आणि दुसरी एक गोष्ट बसत नाही, जी मी वहिनींनाही कधी सांगितली नाही.

त्या दुपारी घरी आलो तर आईने दारातच थांबवलं. शाळेची शाई कुठं लावून घेतलीस म्हणाली आणि पदराने माझी हनुवटी खसाखसा पुसायला लागली. डाग निघेना.

काच काळी झाली तेव्हा मी दचकून मान वर केली, असं मी वर लिहिलं आहे. इतकी वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलो. पण कॅमेऱ्यात बघताना त्या खोलीत मान खाली घातलेला मी एकटाच उरलो होतो... आणि ती मान मी वर केली होती का, हे मला आजही सांगता येत नाही.