सुभेदार आणि अश्विनीचं बी.ए.

सुभेदार मोहिते बी.ए. नापासच गेले.

आज वर्ष झालं. आणि कालच आमच्या अश्विनीची डिग्री पोस्टाने घरी आली, म्हणून लिहायला बसले.

अश्विनी माझी सून. लग्न होऊन नांदेडहून गाझियाबादला आली तेव्हा तिचं बी.ए. अर्धवट होतं. इथे मुक्त विद्यापीठात नाव घातलं. मग बाळ झालं. अर्थशास्त्राचा पेपर दोनदा राहिला.

दुसऱ्यांदा ती ओट्यापाशी भिंतीकडे तोंड करून रडत होती. मला बघवेना.

म्हटलं, "सोड गं. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, पुढचं आपलं आपण वाचलं. माझं काय अडलं?"

सुभेदार समोरच्या फ्लॅटमधले. साताऱ्याकडचे, फौजेतून रिटायर झालेले. काहीतरी मागायला दारात आले होते. त्यांनी ऐकलं.

"वहिनी, तुमचं अडलं नाही हे तुम्ही ठरवलंत. तिचं तिला ठरवू द्या."

मला राग आला. आठवडाभर बोलले नाही त्यांच्याशी.

तेवढ्यात हा माणूस जाऊन त्याच कोर्सला स्वतःची ॲडमिशन घेऊन आला. वय एकसष्ट.

मग सोसायटीच्या पार्कात, थंडीतल्या उन्हाला, बाळाची गाडी मधे ठेवून दोघांचा अभ्यास. अश्विनी शिकवायची, ते वाद घालायचे.

"मागणी वाढली की भाव वाढतो, हे आमच्या गावच्या भाजीवालीलाही कळतं. त्याला चार पानं कशाला?"

"काका, चार पानं लिहिली तरच मार्क मिळतात."

"बिल्कुल फालतू डिपार्टमेंट आहे यार."

मधेच ती पुस्तक मिटायची. "मला नाही जमत. बंद करते."

"कर की. हा धडा तेवढा मला समजव, मग कर."

तो धडा त्यांना कधी समजलाच नाही. मुद्दाम नाही हो, खरंच.

अश्विनी त्या पेपरात सुटली. सुभेदार अडकले, आणि चांगलेच चिडले. पुन्हा फॉर्म भरला.

तिच्या शेवटच्या परीक्षेला नऊ दिवस उरले असताना ते गेले. हार्ट अटॅक.

अश्विनीने पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. "त्या सेंटरवर मी एकटी नाही जाणार, आई."

या वेळी मी 'सोड' म्हटलं नाही. पण 'जा' म्हणायचाही धीर होईना.

परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांच्या बायको, सुमनताई, आल्या. सुतक होतं, म्हणून आत आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच बोलल्या.

"अश्विनी, यांचाही फॉर्म भरलाय. तिथे एक जागा रिकामी राहणारच आहे. दुसरी कशाला?"

एवढंच बोलून समोर आपल्या घरात गेल्या आणि दार लावून घेतलं.

अश्विनी गेली. सगळे पेपर दिले.

पास झाली तरी मला चैन नव्हतं. मोबाईलवरच्या निकालाचा काय भरवसा. काल कागद हातात आला, तिचं नाव तीनदा वाचलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

माझ्या एका शब्दावर ती थांबली असती. तुम्ही थांबू दिलं नाहीत.

सुभेदारसाहेब, पोरगी ग्रॅज्युएट झाली.

आम्ही आता निवांत आहोत. तुम्हीही निवांत राहा.

मनापासून नमस्कार.