समुद्राकाठच्या घराला कूलर कुठं लावायचा?

घर एकट्या वसंतरावांनी घेतलं, पण त्याचे किस्से आमच्या सगळ्या ग्रुपकडे साठले. आता तर नवा माणूस फिरायला आला की आधी त्याला हे किस्से ऐकावे लागतात, मग चालायला मिळतं!

आम्ही प्रताप नगरच्या बगिच्यात सकाळी फिरणारी रिटायर्ड मंडळी. बगिच्याला दोन चकरा मारायच्या आणि मग निवांत बसून तर्री-पोहे खायचे, असा आमचा व्यायाम. मी शाळेत भूगोल शिकवत होते, म्हणून सगळे मला 'बाई' म्हणतात. मला मान देतात, पण भूगोलाचं कोणी काही विचारत नाही. वसंतरावांनीही विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचा एक किस्सा कमी झाला असता.

*

एक दिवस पोह्यांवर लिंबू पिळता पिळता वसंतराव बोंद्रे म्हणाले, "मी थायलंडले फ्लॅट घेऊन राहिलो."

वसंतराव पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. माझ्या घरासमोरच राहतात. हॉटेलात गेले की मेनूकार्ड पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणार आणि साधा डोसा मागवणार, असा माणूस!

"काहून गा?" घाटोळे म्हणाले. घाटोळ्यांचे नागपूरजवळच्या वाडीला ट्रक आणि गोदामं आहेत. "वाडीतले प्लॉट सरले काय?"

"निखिल चार वर्षांत नागपूरले आला नाही," वसंतराव म्हणाले. "म्हणते, ऊन लागते, लेकरायचं पोट बिघडते, दोनदा विमान बदला लागते. पण सुट्टी भेटली का थायलंडले जाते. मी म्हटलं, तो जिथं येते तिथंच जाऊन बसू."

निखिल हा त्यांचा एकुलता एक मुलगा. मेलबर्नला असतो. त्याला दोन मुलं, आणि या आजी-आजोबांनी धाकट्या नातीला अजून फोनच्या पडद्यावरच पाहिलेलं. मला तर फार वाईट वाटलं.

घाटोळ्यांनी प्लेट खाली ठेवली. "म्हंजे पोरगा धराले गळ टाकला तू! पाण्याकाठी टाकला, हे बरं केलं."

*

मग एजंट आला. टाय लावलेला, पुण्याचा. वसंतरावांच्या हॉलमध्ये त्यानं टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि समुद्र, माडाची झाडं, स्विमिंग पूल, सूर्यास्त असं सगळं दाखवलं. मागे बासरी वाजत होती. शेवटी त्यानं विचारलं, "काही शंका?"

वसंतराव म्हणाले, "कूलर कोणत्या खिडकीले लागन?"

"सर, प्रत्येक खोलीत एसी आहे."

"एसी राहू द्या हो. झोपाले कूलर पायजे!"

एजंटनं वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. मग शोभाताई, म्हणजे वसंतरावांच्या मिसेस, म्हणाल्या, "पाणी किती वाजता येते?"

"मॅडम, चोवीस तास."

शोभाताईंचा चेहरा पडला. "असं कसं? मंग माणसानं भरून कवा ठेवाचं?"

*

फ्लॅट पाहायला वसंतरावांबरोबर घाटोळेही गेले. व्यवहाराच्या कामात सोबत एक अनुभवी माणूस असावा म्हणून! परत आल्यावर पोह्यांच्या गाडीवर आम्ही त्यांना घेरलं.

"कसा आहे समुद्र?"

"समुद्र ठीक आहे," घाटोळे म्हणाले. "पण रोड तिथं जाऊन सरते. ट्रक वळाले जागा नाही."

"अहो, पण गॅलरीतून काय दिसतं?"

"काहीच नाही! आकाशालोक पाणीच पाणी. मी आजलोक लय प्लॉट पाह्यले, बाई. पण असा पहिल्यांदाच पाह्यला, ज्याच्या समोर कोणाचा बाप मंगल कार्यालय बांधू शकत नाही."

हे ऐकल्यावर ग्रुपमधल्या दोघांनी एजंटचा नंबर घेतला. दोघांच्याही घरासमोर मंगल कार्यालय आहे.

*

गृहप्रवेशाचा किस्सा शोभाताईंनीच सांगितला.

नव्या घरात दूध उतू जाऊ द्यायचं असतं. शोभाताईंनी सामान उघडायच्या आधी शेगडीवर पातेलं ठेवलं. किल्ल्या द्यायला त्या इमारतीची देखरेख करणारी थाई बाई आली होती. दूध वर येताना दिसलं तशी ती धावली आणि तिनं पटकन बटण बंद केलं. वर हात जोडून हसली! शोभाताई पण हसल्या. पुन्हा शेगडी लावली. दूध वर आलं, बाई धावली, बटण बंद.

एकीला मराठीच येते आणि दुसरीला थाईच. समजावणार कसं? तिसऱ्यांदा शोभाताईंनी तिला सोफ्यावर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या आणि तिचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले. दूध उतू गेलं, ओट्यावरून खाली आलं. ती बाई बिचारी डोळे विस्फारून पाहतच राहिली.

"मंग म्या तिले साखर देली," शोभाताई म्हणाल्या. "तिले काय वाटलं तिलेच ठाऊक, वं! पण आता त्या बिल्डिंगीत कोणी नवीन राहाले आलं, का ते पयले त्याहिले दूध आणून देते."

*

आता कूलर.

वसंतराव ऐकणाऱ्यांतले नव्हते. कूलरची मोटर, पंप आणि खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या त्यांनी बॅगेत घालून नेल्या. तिथल्या विमानतळावर बॅग उघडायला लावली. साहेबानं ताटी हातात घेतली, उलटी केली, वास घेतला. दुसऱ्याला बोलावलं. त्यानंही वास घेतला. मग तिसरा आला! वसंतरावांना वाटलं, आता आपली रवानगी तुरुंगात. पण तिघांनी ती ताटी नाकाला लावली, डोळे मिटले आणि जा म्हणाले.

पत्र्याचा डबा तिथंच बनवून घेतला, गॅलरीत कूलर लावला आणि दुसऱ्या दिवशी मला फोन.

"बाई, कूलर लावला तं चादरी ओल्या होऊन राहिल्या. भिंतीले घाम सुटला. काड्याची पेटी पेटून नाही राहिली!"

"समुद्राकाठची हवा आधीच दमट असते, वसंतराव. तिथं कूलर चालत नाही. मी सहावीला शिकवत होते."

मग म्हणाले, "मंग तुमी बोलल्या काहून नाही?"

"सहावीतली मुलं विचारायची, तुम्ही विचारलं नाहीत!"

*

कुरडयांचं दुःख त्याहून मोठं. निखिलला कुरडया फार आवडतात. लहानपणी गच्चीवर राखणीला बसवला की अर्ध्या ओल्याच खाऊन टाकायचा. शोभाताईंनी इथून गव्हाचा चीक वाळवून नेला, तिथं शिजवला आणि समुद्राच्या तोंडावर, गॅलरीत, प्लास्टिकवर कुरडया घातल्या.

नागपूरच्या एप्रिलात सकाळी घातलेली कुरडई संध्याकाळी खडखड वाजते. तिथं आठवडा झाला तरी ती मऊच. मग तिच्यावर हिरवी बुरशी आली.

शोभाताई वसंतरावांना घेऊन तडक नागपूरला परतल्या. विमानतळावरून घरी आल्या आणि सरळ गच्चीवर गेल्या. मी त्यांना विचारलं, "काय हो, समुद्राचा कंटाळा आला?"

"जिथं कुरडई वाळत नाही, तिथं माणसानं कायले राहावं, बाई?" त्या म्हणाल्या. आणि लगेच, "पण निखिल येऊन राहिला नं! तिकीट काढलं म्हणे. लेकराय संग, पंधरा दिवस. थायलंडले."

त्या वर्षी त्यांनी एवढ्या कुरडया घातल्या की आमच्याही गच्चीवर जागा उरली नाही. मी भाजी चिरता चिरता कावळे हाकलत होते. शोभाताई एकेक कुरडई उलटवायच्या आणि नातवाला काय आवडेल, नातीला काय आवडेल, हे मला सांगायच्या.

*

निखिल रविवारी थायलंडला पोचणार होता. बोंद्रे दांपत्य शनिवारी निघणार, असं त्याला माहीत होतं. पण शोभाताईंना चैन पडेना. तिकडचं घर बंद होतं, गाद्या दमट झाल्या असतील, लेकरं शिंकतील. म्हणून दोघं मंगळवारीच निघाले. "त्याले नका सांगू," जाताना त्या मला म्हणाल्या. "उगाच रागावते, या वयात धावपळ करता म्हणून." किल्ली माझ्याकडे देऊन गेल्या. तुळशीला पाणी घालायला.

शुक्रवारी भर दुपारी समोर टॅक्सी थांबली. मी खिडकीतून पाहिलं तर निखिल! बायको, दोन मुलं आणि चार बॅगा. मी तशीच चप्पल न घालता बाहेर आले.

"बाई!" तो वाकून पाया पडला. "आईबाबांना सरप्राइज द्यायला आलो. इथून त्यांना सोबत घेऊनच जाऊ म्हटलं. शिवाय या दोघांना कूलर पाहायचा होता. व्हिडिओ कॉलवर बाबांच्या मागे दिसायचा ना, तो."

मुलं उन्हानं लाल झाली होती. निखिल बेल वाजवायला वळला, तेव्हा त्याला कुलूप दिसलं. मी काही सांगायच्या आधीच त्यानं फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि मुलांना गप्प राहायची खूण केली. त्याला वाटलं, दोघं बाजारात गेले असतील.

पहिल्याच रिंगला वसंतरावांनी उचलला. मागे समुद्राचा आवाज येत होता. तो निखिलला ऐकू आला की नाही, कोण जाणे.

"बाबा, आलो आम्ही! दारातच उभे आहोत."

"आँ? दोन दिवस आंधीच?" वसंतरावांचा आवाज एकदम चढला. "अवं शोभा, आला, निखिल आला! थांब बेटा, थांब, उघडतो!"

फोन कुठंतरी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. निखिलनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या मुठीत किल्ली होती. आम्ही सगळे कुलपासमोर उभे होतो आणि स्पीकरवर पावलांचा आवाज लांब लांब जात होता. मग तिकडे कडी सरकली. दार उघडलं.

आणि मागून शोभाताईंचा आवाज आला, "कुठं आहे हो?"