पांढऱ्या धातूचा करगोटा

ती केस माझ्या डोक्यातून गेलेली नाही, आणि आता जाईल असंही वाटत नाही. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी सांगायला बसलो की सगळं एकदम सांगावंसं वाटतं. तरी क्रमाने सांगतो.

ऐंशीचं दशक नुकतं लागलेलं. ठाणे-बेलापूर रोडवर कारखान्यांची रांग. मी सव्वीस वर्षांचा, नवा कोरा पीएसआय. त्यात केमिस्ट्रीचा बी.एस्सी., म्हणजे डोक्यात हवा. एका रंगाच्या कंपनीतून फोन आला की सांडपाण्याच्या टाकीत कामगार मेला. जवळच्याच शिरवणे गावचा माणूस. कंपनीचं म्हणणं, पाय घसरून पडला आणि गाळात नाकतोंड बुडालं.

आम्ही पोचलो तेव्हा प्रेत बाहेर काढून ठेवलेलं होतं. मी टेप काढली. टाकीची खोली नऊ फूट चार इंच. गाळ दोन फूट. शिडीच्या पायऱ्या अकरा. पायऱ्यांमधलं अंतरसुद्धा घेतलं. आमचे हवालदार मुरलेले गृहस्थ. म्हणाले, "साहेब, टाकीचं लग्न जमवताय का? एवढी मापं कशाला?" पंच हसले. मी नाही हसलो. आकडा असला की कोर्टात कोणी हलवू शकत नाही, असं मला वाटायचं.

मग अंगावरच्या वस्तू. कमरेला चांदीचा करगोटा होता. हवालदार वाकून म्हणाले, "साहेब, हा एवढा काळा कसा पडलाय?" मी म्हटलं, "कड्या मोजा." पंचनाम्यात चांदीला चांदी म्हणून लिहायचं नसतं, कारण ती चांदीच आहे हे पोलिसाने कशावरून ठरवायचं? म्हणून ठरलेले शब्द असतात. ते मी सवयीने लिहून टाकले: 'पांढऱ्या धातूचा करगोटा एक, लांबी एक्क्याऐंशी सेंटिमीटर.' समोर कोळशासारखा काळा करगोटा आणि मी लिहितोय पांढरा. खाली सह्या. एडी दाखल, म्हणजे अपघाती मृत्यू. पोस्टमॉर्टेमनंतर प्रेत आणि करगोटा बायकोच्या ताब्यात.

तिसऱ्या दिवशी ती बायको पोलीस ठाण्यात आली. ओरडली नाही, रडली नाही. "साहेब, त्यो मिठागरावर वाढलेला मानूस. जल्मभर चिखलात चालला, त्याचा पाय कसा घसरल? माजा भाव बी त्याच टाकीवर हाय. त्याला उतरवायच्या आदी बगा काय ते." मी बघतो म्हणालो. सगळेच म्हणतात.

खरं तर फाईल बंदच झाली असती. पण पुढच्या आठवड्यात बिनसहीचं पोस्टकार्ड आलं: 'तो वासाने मेला. मुकादमाला विचारा.'

मुकादमाला आणला. दोन दिवस तो एकच पाठ म्हणत होता, पाय घसरला, पाय घसरला. तिसऱ्या दिवशी हवालदारांनी त्याला चहा दिला आणि सहज विचारलं, शेवटचं काय बोलला रे तो? मुकादमाचा कप हातातच राहिला. म्हणाला, "वास रोजचाच होता साहेब, सडलेल्या अंड्यांसारखा. तो अर्ध्या शिडीवर गेला आणि वरती बघून म्हणाला, आता वास गेला. आम्हाला वाटलं, बरं झालं. दोन पायऱ्या उतरला आणि कोसळला."

हायड्रोजन सल्फाइड. कॉलेजच्या लॅबमध्ये हाच वायू आम्ही तयार करायचो. जास्त झाला की आधी नाक मरतं, मग माणूस. आणि याच वायूने चांदी काळी पडते. लॅबमधल्या माझ्या पार्टनरची चांदीची अंगठी अशीच काळी पडली होती. पुरावा मी हातात धरला होता, त्याच्या कड्या मोजल्या होत्या!

जीप काढून शिरवणं गाठलं. घरात नवऱ्याचा फोटो, त्याला हार, आणि पुढे पाटावर करगोटा. लखलखीत. मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, "लई काला परला व्हता साहेब. बाराव्याला मांडायचा म्हनून राखेनं घासला."

केस तरी मी उभी केलीच. हयगयीचा गुन्हा, आरोपी मॅनेजर. व्हिसेराचा रिपोर्ट आला, विष आढळलं नाही; वायू कुठला मागे राहतोय. मुकादम कोर्टात फितूर झाला. मग माझा उलटतपास. वकील फार गोड बोलत होते.

"टाकीची खोली?"

"नऊ फूट चार इंच."

"वा. काटेकोर काम आहे तुमचं. या पंचनाम्यात वासाचा उल्लेख कुठे आहे?"

"नाही."

"आणि करगोटा कुठल्या धातूचा लिहिलाय?"

"पांढऱ्या."

"काळा असता तर तुम्ही लिहिलं असतं ना, साहेब?"

मागच्या बाकावर ती आणि तिचा भाऊ बसले होते. मी तिकडे बघितलं नाही. मॅनेजर सुटला. टाकी तशीच राहिली.

बी.एस्सी.च्या पहिल्या प्रॅक्टिकलला सर सांगायचे, आधी रंग बघा, वास घ्या, ते लिहा, मग मोजायला बसा. किती आहे हे नंतर, कसं आहे हे आधी. दोन्ही निरीक्षणंच. मी पोलिसात आलो आणि अर्धंच घेऊन आलो. पुढच्या सगळ्या पंचनाम्यांत मी रंग लिहिला, वास लिहिला. हाताखालच्या पोरांना ओरडून ओरडून शिकवलं. त्याचा तिला काय उपयोग?

निकालानंतरचा पावसाळा सरल्यावर त्याच कंपनीतून पुन्हा फोन आला. तीच टाकी. तिचा भाऊ.

या वेळी टेप जीपमध्येच ठेवली. टाकीवर आधी वाकलो आणि वास घेतला. कंपनीने झाकण सकाळपासून उघडं टाकलं होतं, आत चुना फेकला होता. चुन्याचाच वास. मग कमर बघितली. चांदी नव्हती. साधा दोरा होता, काळ्या रंगाचा, बाजारात मिळतो तसा.

हवालदारांनी विचारलं, "साहेब, काय लिहू?"

मी म्हटलं, "काळा लिहा."