आशीर्वाद राहू द्या, पाय दाखवा

"आशीर्वाद राहू द्या, पाय दाखवा," असं भर मांडवात एखादी बाई म्हणाली, तर ती एकतर वेडी असते किंवा आमच्या हार्टच्या वॉर्डातली मॅडम असते.

मी त्या वॉर्डात सिस्टर. मूळची साताऱ्याची, नोकरीसाठी अमरावतीला आलेली. मॅडम वरूडच्या, संत्र्याच्या बागावाल्या घरातल्या. हृदयाच्या डॉक्टर, पण बोलणं असं की ऐकणाऱ्याचंच हृदय बंद पडावं.

आमच्या वॉर्डबॉयच्या लग्नाला आम्ही रिद्धपूरला गेलो होतो. नवरदेवाचे आजोबा पुढच्या खुर्चीत बसलेले. मॅडम त्यांच्या पायाशी वाकल्या. आजोबांनी हात उचलला, "अखंड सौभाग्यवती भव!" मॅडम बिनलग्नाच्या. त्यांनी धोतर जरा वर सारलं आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच.

"माह्यं सौभाग्य जाऊ द्या. तुमच्या पायात पाणी भरून राहिलं. आडवं झालं की दम लागते?"

"बसूनच झोपतो, बाई."

"मंग चला दवाखान्यात."

"पंगत तं होऊ द्या!"

"तीच होऊ द्यायची नाही मले."

आजोबा भरती झाले. हृदयाचा जोर कमी पडल्यामुळे पायात, छातीत पाणी साठलं होतं. औषधांनी ते उतरलं. आजोबा घरी गेले आणि थोड्याच दिवसांत धापा टाकत परत आले.

म्हातारा ऐकत नाही, असा आमचा निकाल. तुम्हीही तोच दिला असता. मॅडम आमच्यावरच उखडल्या. "मीठ कमी करा, हे सांगितलं कोणाले?"

"आजोबांना."

"सैपाक ते करते का?"

आजींना बोलावलं. आजी ठसक्यात म्हणाल्या, "भाजीत तं मी मीठ टाकतच नाही. मंग यायले घास उतरत नाही, म्हणून लोणचं देतो न पापड."

सगळा वॉर्ड हसला. मॅडम हसल्या नाहीत. आजींचा हात धरून म्हणाल्या, "तुमची चूक नाही, माय. आमाले सांगता आलं नाही." इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

तेव्हापासून घरात चूल सांभाळणारं माणूस समोर बसल्याशिवाय कुणालाही सुट्टी नाही. घरी रोज सकाळी वजन करायचं, एकदम वाढलं की कळवायचं. शिवाय दर आठवड्याला मॅडमचा फोन. वरिष्ठांनी नाक मुरडलं, "फोन मोठ्या डॉक्टरने करायचा?"

"मंग काय शेजाऱ्यानं करायचा?"

फोन म्हणजे नुसत्या शिव्या. "बुढ्या, वजन काहून वाढलं? बरणी चाटली का?" मी कानांवर हात ठेवायचे. पण धापा टाकत परत येणारे ओळखीचे चेहरे कमी होत गेले. आजोबा तर तपासणीला स्वतःच्या पायांनी जिना चढून येऊ लागले.

मागच्या वर्षी मॅडम अकोल्याला गेल्या, तिथे असाच वॉर्ड उभा करायला. निरोप समारंभाला आल्याच नाहीत. पेशंट सोडून समोसे खायला वेळ नाही म्हणाल्या.

फोन माझ्याकडे आले. पहिला आजोबांना लावला. साताऱ्याची होती नव्हती ती सगळी अदब गोळा करून विचारलं, "नमस्कार आजोबा, तब्येत कशी आहे आपली?"

"बाई कुठी गेल्या?"

"अकोल्याला. आता तिकडेच असतील."

पलीकडून बारीक आवाजात, "मंग आमाले शिव्या कोन देईन?"

मी खोलीचं दार लावून घेतलं.

"ए बुढ्या," मी आवाज चढवला, "आज वजन काहून नाही केलं?"

"करतो, करतो!" आजोबा एकदम खुलले. मग फोन तसाच हातात धरून घरात ओरडले, "अवं, काटा आन लवकर! नवी बाई जुनीपेक्षा खराब निघाली!"