नव्या डीपीचं तेल

त्या भादव्यात सोमाजी लाइनमनला गावानं झोपू दिलं नाही, आणि गावाचं तरी काय चुकलं? पाऊस पोळ्याला जो गेला तो गेलाच. धान पोटरीत आलेला, बांध्यांना भेगा पडलेल्या. नदीत पाणी होतं, पण काठावरच्या मोटारी मुक्या. चार मोटारी होत्या तेव्हा बसवलेली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, आणि आता मोटारी झाल्या वीस! म्हातारा बैल ओढून ओढून किती ओढणार? एका दुपारी जळाली. आठ दिवसांत पाणी मिळालं नाही तर लोंबीत दाणा नाही, नुसता कोंडा.

सोमाजी धानोऱ्याच्या ऑफिसात साहेबांच्या दारातच जाऊन बसला. शिव्या खाल्ल्या, पण उठला नाही. शेवटी साहेबांनी शिल्लक असलेली एकुलती एक मोठी डीपी दिली.

"सांभाळ बाबा. ही गेली तर पुढच्या सालापर्यंत दुसरी नाही."

"माही जबाबदारी, साहेब!" सोमाजी म्हणाला. घराण्यात पहिली नोकरी त्याची. जबाबदारी घ्यायची भारी हौस होती गड्याला.

ट्रक नाल्यापाशी अडला. तिथून पुढं डीपी बैलबंडीवर आली, बायांनी तिला कुंकू लावलं, नारळ फोडला. तिच्यासाठी बांधलेल्या ओट्याचं सिमेंट वाळेपर्यंत ती सोमाजीच्याच दारात ठेवली. राखणीला आपली माय आहे, मग कशाची काळजी? असं म्हणून तो तारा आणायला तालुक्याला गेला.

आल्यावर त्यानं डीपीच्या पोटातलं तेल दाखवणारी काच पाहिली. तेल बरोबर रेघेवर होतं. सगळ्यांनी मिळून डीपी ओट्यावर चढवली, तारा जोडल्या. सोमाजीनं लाइन दिली आणि काय सांगू, नदीकाठच्या मोटारी एकदम घुमल्या! पाटात पाणी आलं. भैयाजी पाटील एवढा जाडजूड माणूस, पण पाण्यात बसकण मारून लेकरासारखा हसत होता.

तेवढ्यात धडाड् आवाज झाला. डीपीचं झाकण उडालं, काळा धूर उठला, मोटारी बसल्या.

सोमाजी धावत ओट्याजवळ आला आणि जागीच थिजला. धुराला वडे तळल्याचा वास येत होता! घरोघरी असतं ते मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं तेल. डीपीत ते आलं कुठून?

"कोनं घातलं? बोला ना!" तो किंचाळला. बाया पदराआड झाल्या. बोलली ती त्याची माय, बायनाबाई.

"म्या घातलं, बापू."

डीपीच्या तेलानं सांधे मोकळे होतात, असं तिनं बाजारात ऐकलं होतं. धानाच्या रोवण्यात वाकून वाकून तिचे गुडघे धरलेले. तिनं लेकाचाच पाना घेऊन तोटी सैल केली, वाटीभर तेल काढलं. मग शेजारीण आली, तिची जाऊ आली, अख्खा मोहल्ला वाट्या घेऊन आला. कोणाची कंबर धरलेली, कोणाचे खांदे. काचेतलं तेल खाली उतरलं तशी बायनाबाई घाबरली. लेकाला बोल लागेल म्हणून तिनं वरचं झाकण खोलून घरातलं टोळीचं तेल ओतलं, बाकीच्यांनाही आणायला लावलं. तेलात तेल, त्यात काय बिघडतं?

"सोमाजी, दुसरी कधी येईन?" भैयाजीनं विचारलं. त्याच्या धोतरातून अजून पाणी गळत होतं.

"पुढच्या साली."

कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. माणसं एकेक करून बांधाकडं निघून गेली आणि ओट्यापाशी मायलेक तेवढे उरले.

"काऊन केलं वं माय असं?" सोमाजीला रडू फुटलं. "दोन दिवस कळ काढता नाई आली तुले?"

"गुडघे उचलतच नोयते रे," बायनाबाई म्हणाली. "म्हटलं, धान कापाले तरी जाता येईन."